घरटं तूच काप

थॉर्नशॉ,
३ मार्च

मेव्हिस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चहाच्या डब्यामागे खोचून ठेवलं असशील, तर आता काढून वाच. वाईट बातमी नाही. आई बरी आहे.

नऊ मेला ती शंभर वर्षांची होते. तुला माहीत आहेच, पण कळवण्याचं काम थोरलीचं, म्हणून कळवते. शंभरी गाठली की राजवाड्याकडून कार्ड येतं, त्यासाठी लागतं ते सगळं मी पाठवलं आहे. वृद्धाश्रमात काम करणाऱ्या मुली आईपेक्षा जास्त हरखल्या आहेत. त्यांनी तिला सांगितलं, "एल्सी, राजा तुम्हाला कार्ड पाठवणार." आई म्हणाली, "पाठवू दे. त्याच्याकडे माणसं आहेत त्या कामाला."

ते ऐकलं त्या दिवशीच मी ठरवलं की राजवाड्याच्या कार्डाशेजारी आपल्या घरचं कार्ड उभं राहील, आणि ते उणं ठरणार नाही. आईला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. बाकी सगळं ती बोटांनी बघते. उभा जन्म गिरणीच्या रफूखात्यात कापडावर हात फिरवून दोष शोधले तिने. ती बोटं अजून निवृत्त झालेली नाहीत. परवा माझ्या स्वेटरच्या बाहीवरून हात फिरवून म्हणाली, "कोपराजवळ टाका सुटलाय." मी चष्मा लावून बघितलं तर सुटला होता.

तेव्हा डोळ्यांना छान दिसणारं कार्ड तिला उपयोगाचं नाही. हाताला छान लागलं पाहिजे. वरची अक्षरं मी शिक्क्याने उमटवून, त्यावर पूड टाकून, गरम हवेने फुलवून घेणार आहे. म्हणजे बोटाखाली उभी राहतील. आणि चित्र टिटवीचं. माझ्या डेरिकच्या टिटवीचं.

त्या नाताळची तुला आठवण असेलच. त्याने आपल्या दोघींसमोर दोन डबे ठेवले होते. तुझ्या डब्यात घरट्याच्या आकारात कागद कापायची डाय, माझ्यात टिटवीची. दिवसभर कारखान्यात बिस्किटांची खोकी कापायच्या डाय बनवून घरी आल्यावर शेडमध्ये बसून त्याने त्या केल्या होत्या. प्लायवुडमध्ये खाच पाडायची आणि पोलादी पातं हाताने वाकवून त्यात बसवायचं. टिटवीचा तुरा वाकवताना त्याची किती पाती मोडली ते मी शेडबाहेरून ऐकत होते. कार्ड मिटलं की टिटवी अंड्यांवर बसते, उघडलं की उठते. एकीशिवाय दुसरी अर्धीच. मी त्याला म्हटलं होतं, दोन्ही एकीलाच का नाही दिल्यास? तो म्हणाला, "मग तुम्ही एका टेबलाशी बसाल कशाला?"

मी घरटं मागत नाही आहे. व्हिटबीला सामान हलवताना ते राहिलं की गेलं, एवढंच कळव. म्हणजे मला दुसरी सोय बघता येईल.

मंगळवारचा आपला कार्डांचा गट अजून चॅपलच्या हॉलमध्येच भरतो. आम्ही आता बऱ्याच जणी आहोत. हॉस्पिसच्या दुकानात आमच्या कार्डांचा वेगळा कप्पा आहे आणि लोक त्याची चौकशी करत येतात. कार्डाच्या पाठीवर मी हल्ली माझा एकटीचा शिक्का मारते. नवीन करून घेतला.

ऑड्री


२२ मार्च

मेव्हिस,

तुझं बंदराचं चित्र असलेलं पोस्टकार्ड मिळालं. "माझीही आई आहे. घरटं आहे." दोन वाक्यं, आणि दोन्हींना धार. पाती वाकवायला तुलाच बसवायला हवं होतं.

आहे म्हणालीस, पण पाठवते म्हणाली नाहीस. मीही मागितलं नव्हतं. ठीक आहे.

मी दुसरी सोय बघितली. आमच्या गटात नसरीन आहे. तू गेलीस तेव्हा ती नवीनच आली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात माझ्यानंतर लागलेली. ईदची कार्डं अशी करते की रमझान सुरू व्हायच्या आधीच संपतात. तिच्या सुनेने तिला संगणकावर चालणारं कापणीयंत्र घेऊन दिलं आहे. त्याला चित्र दाखवायचं, की ते आपलं आपण कापतं. ना आपल्या हातयंत्रासारखं हँडल, ना प्लेटा. आपण शेजारी बसून चहा प्यायचा. नसरीन स्वतःच म्हणते, "यात माझं काय ते फक्त वीजबिल."

तिने तुझ्या जुन्या कार्डावरून घरटं काढलं आणि यंत्राने ते कापलं. गवताची पातीन्‌पाती नेमकी. गटातल्या बायका वा वा म्हणाल्या. मीही म्हणाले. मग ते घेऊन आईकडे गेले. माझ्या टिटवीखाली बसवून तिच्या हातात दिलं आणि काही सांगितलं नाही.

आईने टिटवीच्या तुऱ्यावर बोट फिरवलं. तिथे तिचा चेहरा कसा झाला ते तू बघायला हवं होतंस. मग कार्ड उघडलं, घरटं चाचपलं, परत चाचपलं.

"हे कुणाचं?"

"छान आहे ना?" मी म्हटलं.

"छान आहे. पण पक्षी एका घरचा आणि घरटं दुसऱ्या घरचं."

मला ते नीट कळतं, म्हणून सांगते. डेरिकच्या पात्याने कापलेली कड जराशी आत वळते आणि हाताला मऊ लागते. यंत्राची सुरी कागद सरळ उभा चिरते. डोळ्यांना फरक दिसत नाही. आईला दिसला.

मग तिने विचारलं, "मेव्हिसचं कुठे आहे?" मी म्हटलं, मेव्हिसकडेच. ती म्हणाली, "माळावरच्या टिटव्या बघितल्यास ना? माणूस आला की घरट्यापासून लांब जाऊन पंख मोडल्यासारखं लंगडत ओरडतात. घरटं इथे आणि ओरडा तिथे. तुम्ही दोघी तशाच." आणि कार्ड माझ्या हातात देऊन डोळे मिटून घेतले. ते मिटले की भेट संपली असं समजायचं.

पक्ष्यांच्या पुस्तकात मी नंतर बघितलं, आईचं बरोबर आहे. वाचनालयाची गाडी अजून दर पंधरवड्याला येते. शाळा लवकर सुटली, पण वाचन मी सोडलं नाही, आणि पुस्तकाआधीच आईला सगळं माहीत असतं याचं मला नेहमी नवल वाटतं.

ऑड्री


९ एप्रिल

मेव्हिस,

आज डेरिकला जाऊन तीन वर्षं झाली. सकाळी थडग्याशी जाऊन आले. गवत कापलं, दगड पुसला. घरी येऊन त्याची टिटवी डब्यातून काढली आणि पांढऱ्या कागदावर कापली. दरवर्षी या दिवशी मी एक कापते. दुसरं काही करत नाही.

आता बोलतेच.

त्याच्या वेळी लोकांची सांत्वनाची कार्डं आली ती मी शेकोटीवरच्या फळीवर लावली होती. फळी पुरली नाही म्हणून खिडकीत दोरी बांधली. आपल्या गटातल्या प्रत्येकीने हाताने केलेलं पाठवलं. कुणी त्याने पाळलेले ससे काढले, कुणी हातोडी. पॅमला तर बिचारीला हात दुखतो, तिने नुसता बोटाचा ठसा उमटवून त्याचं पान केलं. कारखान्यातल्या त्याच्या दोस्तांनी पुठ्ठ्याचं एक खोकं कापून पाठवलं, त्याच्याच जुन्या डायवर. आत सगळ्यांच्या सह्या होत्या.

आणि तुझं आलं ते दुकानातलं. पांढरी लिली, चंदेरी कड, आत चार छापील ओळी. खाली "मेव्हिस आणि क्लिफर्ड."

तू. शाळेत असताना बटाटा कापून त्याचे शिक्के करणारी. भाच्याच्या लग्नाला कागदाची लेस कापून दिलीस, तर लोकांनी ती कापडाची समजून धुवायला टाकली. ती तू. डेरिकसाठी.

आमच्याकडच्या बायका सांत्वनाला आल्या तरी कार्ड हातात घेऊन आधी पाठ बघतात, शिक्का कुणाचा आहे ते. हे आपण सगळ्याच करतो, त्यात वाईट काही नाही. नसरीनने तुझं उचललं, पाठीवर दुकानाच्या किमतीच्या रेघा बघितल्या, आणि परत जागेवर ठेवलं. मग स्वतःचं कार्ड हळूच सरकवून तुझ्यापुढे उभं केलं. मला लाज वाटू नये म्हणून. ते सरकवणं मी विसरलेली नाही.

तुला त्यानंतर मी पत्र का लिहिलं नाही, ते हे. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. आता सांगितलं. घरट्यासाठी सांगते आहे असं समजू नकोस. घरटं नसेल तर मी टिटवी एकटीच उभी करीन, गवतात. तिलाही एकटं उभं राहता येतं.

ऑड्री


१६ एप्रिल

मेव्हिस,

फोनवर मी फारशी बोलले नाही. मला बोलण्यापेक्षा लिहिणं जमतं. म्हणून जे ऐकलं ते आता नीट लिहिते.

तू म्हणालीस, "माझ्याकडे कपाटभर डाय आहेत गं ऑड्री. पण डेरिकचं कार्ड डेरिकच्याच डायने कापायचं ना? ती यंत्रात घातली, हँडल धरलं, आणि माझ्याच्याने ते फिरेना. त्याच्या हातची पाती आणि कार्ड त्याच्याच मरणाचं." मग तू बाजूला झालीस, चहा केलास, परत धरलंस. नाहीच फिरलं. दुसऱ्या कुठल्या डायने कापणं तुला हलकं वाटलं. टपालाची वेळ टळत होती, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन हाताला लागलं ते घेतलंस आणि पेटीत टाकलंस.

आणि त्यानंतर तू एकही कार्ड केलेलं नाहीस. यंत्र पलंगाखाली आहे. हे तू इतक्या सहज बोललीस की मी फोन कानाचा काढून बघत राहिले.

क्लिफर्डचं डायलिसिस चालू आहे हेही मला आत्ता कळलं. दिवसाआड दवाखाना, मध्ये तू त्याला सोडून कुठे जाऊ शकत नाहीस, आईच्या वाढदिवसालाही नाही. हे तू एकटीने वाहिलंस. त्याला माझा नमस्कार सांग, आणि सांग की त्याने डेरिकला उसनी दिलेली शिडी अजून आमच्याकडेच आहे. त्याला शिव्या द्यायला तेवढंच काहीतरी.

फोन ठेवताना तू म्हणालीस, "डाय उद्याच पाठवते. तू काप. तुझा हात चांगला आहे."

पाठवू नकोस.

महिनाभर मी त्या डायसाठी मान वाकडी करून बसले होते, हे कबूल. पण आता मला ती नको. मला कापलेलं घरटं हवं आहे, आणि ते तू कापलेलं. आईने विचारलं तेव्हा "मेव्हिसचं कुठे" असं विचारलं होतं. मेव्हिसची डाय कुठे असं नाही.

यंत्र पलंगाखालून काढ. धूळ पूस. रोलरला थेंबभर तेल दे, जास्त नको, कागदाला डाग पडतो. डेरिकची पाती दुकानातल्या डायपेक्षा उंच आहेत हे तुला माहीत आहे, पण तीन वर्षांत विसरली असशील म्हणून सांगते. जाड प्लेट काढून टाक. खाली पातळ प्लेट, त्यावर डाय, पाती वर करून. त्यावर कागद, त्यावर कापायची प्लेट. गवताच्या डाव्या कोपऱ्यात पातं किंचित बसलं आहे, तिथे डायखाली पातळ कागदाची घडी घाल. आधी एकदा नुसता मेणकागद कापून घे, म्हणजे बारीक पात्यांत कागद अडकणार नाही. तपकिरी कागद घे, तो जाड दाणेदार, तुझ्याकडे होता. अंडी मी करते. चार, टिटवीची चारच असतात, शिक्क्याने ठिपके उठवून.

अर्ध्यावर गेलं की चर्रर्र आवाज येईल. तो प्लेटचा असतो, डायचा नाही. तिथे थांबू नकोस. थांबलीस की रोलरची आडवी रेघ कागदावर उमटते.

डेरिक त्या पात्यांत नाही आहे, मेव्हिस. तो असता तर आत्तापर्यंत तुला म्हणाला असता, "बाई, फिरवा लवकर, माझा चहा निवतोय."

ऑड्री


२८ एप्रिल

मेव्हिस,

पार्सल मिळालं. उघडलं नाही. हलवून बघितलं, लाकडाचा आवाज आला. आजच्याच टपालाने परत पाठवते आहे.

नसरीनला वेड लागायची पाळी आली आहे. ती म्हणाली, "बाई गं, वाढदिवस तोंडावर आलाय, डाय दारात आलीय, आणि तू परत पाठवतेस? आमच्यात तर सख्ख्या जावासुद्धा इतक्या ताणत नाहीत." मी म्हटलं, तुमच्यात जावा असतील, ही बहीण आहे. ती म्हणाली, "मग माझं यंत्रातलं घरटं फेकू नकोस." फेकलेलं नाही. खणात आहे. पण मला ते वापरायचं नाही, आणि ते तुला सांगण्यात मला कमीपणा वाटत नाही.

माझा भाग तयार आहे. टिटवी कापली. काळ्या कागदावर हिरव्या चकाकीची शाई फिरवली, माळावर ऊन पडल्यावर तिच्या पाठीवर असते तशी. तुरा एकसंध उतरला, एक तंतूही तुटला नाही. हे काम मी आजपर्यंत केलेल्यांत सगळ्यांत चांगलं आहे. माझं मीच म्हणते, कारण म्हणायला इथे दुसरं कुणी नाही, आणि जो होता तो म्हणाला असता. अंडी झाली. अक्षरं झाली. आतलं पान रिकामं आहे. तिथे मी काहीही चिकटवणार नाही.

तुझं घरटं वेळेला आलं नाही, तर आई ते रिकामं पान चाचपेल आणि विचारेल. मग मी तिला खरं तेच सांगेन.

ऑड्री


६ मे

मेव्हिस,

आलं.

दोन पुठ्ठ्यांमध्ये, मेणकागदात, कोपऱ्यांना चिकटपट्टी. उघडायला मी कात्री न घेता वाफेवर धरलं, इतकी भीती वाटली.

मधोमध आडवी रेघ आहे. पुसट. उजेडाकडे तिरपं धरलं की दिसते. मी ती कितीतरी वेळ बघत बसले. रेघेच्या अलीकडे कडा नीट तुटल्या आहेत, आणि पलीकडेही नीट तुटल्या आहेत, अगदी शेवटच्या गवतापर्यंत.

दुसरं कापून मागवायला वेळ नाही. असता तरी मागवलं नसतं.

मंगळवारी हॉलमध्ये नेलं. सगळ्यांनी हाताळलं. नसरीनने रेघ बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "आता माझं घरटं फेक."

ऑड्री


१० मे

मेव्हिस,

तुला कालचा दिवस सगळा सांगते. बस आणि वाच. क्लिफर्डलाही वाचून दाखव.

आईला निळा पोशाख घातला होता. केक वृद्धाश्रमाचा होता, फार गोड. पण मी आल्याचा नेला होता, तो आईने खाल्ला आणि दुसरा शेजारणीला दिला. नगरपालिकेचे कुणी गळ्यात पदाची साखळी घालून आले होते. त्यांनी आईचा हात हातात घेऊन विचारलं की इतक्या वर्षांचं रहस्य काय. आई म्हणाली, "मी मेले नाही." ते हसले, आणि मग तिचा हात कधी सोडावा हे त्यांना कळेना, कारण आई त्यांच्या कोटाची बाही चाचपत होती. "चांगलं कापड आहे," ती म्हणाली, "आपल्याकडचं नाही."

राजवाड्याचं कार्ड आलं. मोठं पाकीट, आत कार्ड, वर फोटो. मुलींनी ते वाचून दाखवलं तेव्हा सगळे टाळ्या वाजवायला लागले. आईने त्यावर हात फिरवला. एकदा, वरपासून खालपर्यंत. "गुळगुळीत आहे," ती म्हणाली. "चांगल्या घरचं दिसतंय." आणि खिडकीच्या फळीकडे बोट केलं, तिथे ठेवा म्हणून.

मग मी आपलं दिलं.

खोलीतलं बोलणं थांबलं नव्हतं. केक वाटणं चालू होतं. तिने आधी अक्षरांवरून बोट नेलं, एकेक अक्षर, शाळेत नेतात तसं. मग टिटवी. पाठ, पंख, तुरा. तुऱ्यावर तिचं बोट थांबलं आणि ती म्हणाली, "डेरिक." मी हो म्हटलं. तिने कार्ड उघडलं. टिटवी उठली. आईचा हात आत गेला, अंडी एकेक करून मोजली, चौथं सापडेपर्यंत हात काढला नाही. मग घरटं. बाहेरच्या गवतापासून आत, हळूहळू. मधोमध आल्यावर बोट परत मागे नेलं आणि पुन्हा पुढे आणलं. गिरणीत कापडावर असं व्हायचं तेव्हा मुली श्वास धरून उभ्या राहायच्या, हे तिनेच सांगितलं होतं आपल्याला.

"इथे थांबली होती," आई म्हणाली.

मी विचारलं, "कोण?"

"कोण म्हणून काय विचारतेस. मेव्हिस." तिचं बोट त्या रेघेवरच होतं. "माग मध्येच थांबून परत सुरू झाला की कापडावर अशी आडवी रेघ पडते. थांबली होती, आणि मग पुढे गेली."

मी म्हटलं, "रेघ राहिलीच, आई. तिला मी सांगितलं होतं थांबू नकोस म्हणून."

"याला रफू नसतं," ती म्हणाली. "बाकी सगळे दोष आम्ही भरायचो. ही रेघ आली की कापड तसंच पुढे पाठवायचं. धागा कुठे तुटलेला नसतो."

मग तिने कार्ड मिटलं आणि पाठ बघितली. तीही आपल्यातलीच ना. पाठीवर मी जुना शिक्का मारला आहे. डेरिकने रबरात कोरलेला, दोघींच्या नावांचा. नवा शिक्का मी खणातून काढलाच नव्हता, हे तुला सांगून ठेवते, म्हणजे ऐनवेळी मन बदललं असं म्हणायला नको. जुन्याचं रबर एका बाजूने कडक झालं आहे, त्यामुळे तुझ्या नावातलं शेवटचं अक्षर जरा फिकं आलं. त्यावर पूड टाकून मी ते फुलवून घेतलं. आईने दोन्ही नावं वाचली, बोटाने, मोठ्याने. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या.

मी कार्ड घेऊन फळीवर ठेवायला निघाले, राजवाड्याच्या शेजारी. ठेवलं. मागे सरून बघितलं. खोटं नाही सांगत मेव्हिस, उणं नव्हतं. कुठूनही नव्हतं. साखळीवाले गृहस्थ राजवाड्याचं बघायला वाकले आणि आपलं उघडून बसले. टिटवी उठवत आणि बसवत होते. मी त्यांना म्हटलं, ती माझ्या नवऱ्याने केलेली डाय आहे आणि घरटं माझ्या बहिणीने कापलं आहे. एवढं बोलताना माझा आवाज जरा मोठा झाला असेल. होऊ दे.

निघताना आईने मला परत बोलावलं. "राजाचं इथे राहू दे," ती म्हणाली. "हे मेव्हिसला दाखवून आण. तिने नुसतं घरटं बघितलंय. त्याच्यावर पक्षी बसलेला तिने कुठे बघितलाय?"

मी म्हटलं, आई, ते तुझं आहे, तुझ्या फळीवर राहायला हवं. ती म्हणाली, "मी वाचलं." आणि डोळे मिटले.

तर शनिवारच्या बसने मी निघते. दुपारी बंदराजवळ उतरेन. न्यायला येऊ नकोस, क्लिफर्डजवळ थांब, पत्ता मला माहीत आहे. कार्ड पुठ्ठ्यांत बांधून आणते. टिटवीची डायही आणते. तुझं यंत्र पलंगाखाली परत गेलं असेल तर बाहेर काढून टेबलावर ठेव, आणि टेबलाला दोन खुर्च्या लाव. तपकिरी कागद मी इथूनच घेते, तुझा संपला असेल.

तुझं ते लिलीचं कार्ड माझ्याकडेच आहे. काल रात्री शेकोटीवरच्या फळीवर काढून ठेवलं, घरातल्या सगळ्या कार्डांच्या पुढे. छापील ओळी वाईट नाहीत, पहिल्यांदाच वाचल्या. लिली मात्र फार सपाट आहे. ते तूही मान्य करशील.

ऑड्री